नॉट इंटरेस्टेड

आप्पांनी मला तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत दिली होती. आप्पा म्हणजे माझे वडील. "तुळशीचं लगीन लागू द्या, मंग आपलं बघायचं," असं त्यांनी चुलत्यांसमोर सांगून टाकलं आणि त्यातलं 'आपलं' म्हणजे माझं, हे सगळ्यांना बरोबर कळलं. तोवर नोकरी लागली तर मी जायचं, कोणी आडवं येणार नाही. नाही लागली तर फोटो काढायचा, बायोडाटा छापायचा आणि पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा घेऊन उभं राहायचं. बायोडाटा तसा दोन्हीकडे लागतोच. एकात उंची लिहायची, दुसऱ्यात नाही, एवढाच फरक.

मी संभाजीनगरला राहून एमएस्सी केलं, रसायनशास्त्रात. निकाल लागला, होस्टेलची खोली सोडावी लागली आणि मी पत्र्याची पेटी घेऊन धारूरच्या घाटाजवळ आमच्या गावी परत आले. कॉलेजात कंपन्या आल्या त्या फक्त बीफार्मवाल्यांना घेऊन गेल्या. आमच्या सरांनी निरोप देताना सांगितलं, "काळजी करू नका, आता सगळं ऑनलाइन असतं. घरबसल्या अर्ज करा." सरांना घरी बसून बघायला हवं होतं. घरी बसलेल्या मुलीकडे गाव कसं बघतं ते एका आठवड्यात कळलं असतं.

नोकऱ्यांच्या त्या साइटवर मी पहिल्याच सोमवारी नाव नोंदवलं. मला माझ्या हुशारीची घमेंड होती, म्हणून सेवा केंद्रातल्या माणसाकडून भरून न घेता फॉर्म स्वतः भरला. वरच लाल अक्षरात सूचना होती की नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा. आमच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पहिल्या रकान्यात मी आडनाव लिहिलं, मधल्यात माझं नाव, शेवटच्यात आप्पांचं. बालवाडीपासून आम्ही नाव सांगतो ते याच क्रमानं. मास्तरांनी हजेरी घेतली ती याच क्रमानं. यात काही चूक असू शकते हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्याखाली मोबाइल नंबर. तिथं मी आप्पांचा टाकला. आमच्याकडे मुलीचा नंबर फॉर्मवर लिहीत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानात कागद पडून राहतो, कोणीतरी नंबर उतरवून घेतो आणि मग महिनाभर 'हाय डियर, जेवण झालं का' चालतं. म्हणून दहावीपासून माझ्या प्रत्येक कागदावर आप्पांच्या बटणाच्या फोनचा नंबर आहे. बसच्या पासावर, शिष्यवृत्तीवर, होस्टेलच्या रजिस्टरवर. माझा नंबर तीनदा बदलला, त्यांचा कधी बदलला नाही. ईमेल मात्र माझा होता. आजकाल सगळं ईमेलवरच येतं, असा माझा समज.

मग साइटनं माझा छळ सुरू केला. ठिकाण लिहिताना बीड टाकायला गेलं की खाली बिदर यायचं. बीडची इंग्रजी स्पेलिंगं तीन आहेत आणि साइटला त्यातलं चौथंच हवं होतं. एकदा घाईत बिदर दाबलं गेलं तर आठवडाभर 'कन्नड येणारे उमेदवार हवेत' अशा जाहिराती आल्या. केमिस्ट्री लिहिलं की मेडिकलच्या दुकानातल्या नोकऱ्या. लॅब लिहिलं की रक्त तपासणारे. अनुभव शून्य लिहिला तरी पुढे विचारायचं, आधीच्या कंपनीत नोटीस किती दिवसांची? तो रकाना रिकामा सोडता येत नसे. मी शून्य लिहिलं. मग विचारलं, आधीचा पगार किती? तिथंही शून्य. एवढी शून्यं लिहिल्यावर आपल्याला कोण बोलावणार, असं माझं मलाच वाटायला लागलं. दर सकाळी एक मेल यायचा, तुमचं प्रोफाइल अपूर्ण आहे. मी त्याला मोठ्यानं म्हणायचे, तुझ्या बापाचं प्रोफाइल अपूर्ण आहे. आई आतून ओरडायची, "कोणाशी भांडायलीस?"

नेट फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चांगलं लागायचं. सातव्या पायरीवर. सकाळची कामं आटोपून मी तिथं जाऊन बसायचे आणि बायका पाणी भरता भरता विचारायच्या, "लागली का गं?" मी म्हणायचे, "होईल." त्या होईलचा मला नंतर नंतर राग यायला लागला. रोज आठ-दहा अर्ज. औषधाचे कारखाने, रंगाचे कारखाने, खताचे, डिटर्जंटचे. पुणे, वापी, तारापूर, अंकलेश्वर, हैद्राबाद. कुठेही. मला फक्त एका प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून उभं राहायचं होतं आणि कोणीतरी मला 'हे मोज' म्हणायचं होतं. फार काही मागत नव्हते मी.

मेलचा टिंग आवाज आला की हातातलं काम टाकून मी फोनकडे धावायचे. उघडावं तर जाहिरात असायची, किंवा 'आपल्या रुचीबद्दल धन्यवाद'. मग मी आवाज बंद करून टाकला. तर दर पाच मिनिटांनी फोन उघडून बघायची सवय लागली, ती त्याहून वाईट. जेवताना बघायचे, भाकरी थापताना पिठाच्या हातानं बघायचे. रात्री झोप लागत नसे असं नाही, पण पहाटे जाग यायची आणि पहिला विचार यायचा, आज कोणती तारीख. आषाढ गेला, श्रावण गेला. पोळा झाला. दसऱ्याला चुलते आले, आपट्याची पानं देताना आप्पांना म्हणाले, "केजचं एक स्थळ हाय. मास्तर हाय पोरगा. घाई न्हाई, पन कानावर घालून ठिवतो." आप्पांनी पानं खिशात ठेवली. मी बोलले असते, पण तोंड उघडलं तर रडू येईल असं वाटलं.

खरं तर अजून एक गोष्ट होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. साइटवर आपल्या अर्जांची यादी दिसते. प्रत्येक अर्जापुढे काही लिहिलेलं असतं. पाठवला, पाहिला, असं. माझ्या बहुतेक अर्जांपुढे नुसतं 'पाठवला' होतं. पण चार ठिकाणी लिहिलं होतं, नॉट इंटरेस्टेड. श्रावणापासून एकेक करत चार झाले. मला इंग्रजी येतं. मी त्याचा अर्थ लावला, त्यांना आपल्यात रस नाही. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर चाललं असतं, पण रस नाही, हे फार लागलं. मी ते चारही अर्ज पुन्हा पुन्हा उघडून बघायचे. फोटो वाईट आहे का? गावाचं नाव बघून नको म्हणाले का? मी फोटो बदलला. मग परत जुना टाकला.

दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. सोयाबीन काढणीला आलं होतं. आप्पा आणि आई शेतात गेले आणि आप्पांचा फोन चार्जिंगला घरीच राहिला. अकराच्या सुमाराला तो वाजला. मी उचलला.

पलीकडे एक मुलगी होती. पुण्याकडची स्वच्छ मराठी. तिनं आमचं आडनाव आणि त्याला जोडून आप्पांचं नाव घेतलं आणि विचारलं, "सर आहेत का?"

"शेतात गेलेत," मी म्हणाले.

"शेतात?" ती जरा थांबली. "बरं. त्यांच्या गुजरातच्या पोस्टबद्दल होतं. एमएस्सी केमिस्ट्री, क्वालिटी लॅब. सरांनी गेल्या आठवड्यात नाही म्हणून सांगितलं, पण आमच्याकडे नकाराचं कारण नोंदवायचं राहिलंय. पगार कमी वाटला, लांब वाटलं, की दुसरीकडे जॉइन झाले?"

आप्पा नववी नापास आहेत. त्यांची एमएस्सी ऐकून मला आधी हसूच आलं. मग कळलं, ही एमएस्सी माझी आहे. मी पटकन काही बोलायला हवं होतं. अहो, ते माझं प्रोफाइल आहे, मी आहे ती, मला हवी आहे ती नोकरी. यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी नुसती फोन कानाला लावून उभी.

"हॅलो? बरं, मी 'इतर' टाकते," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी उलटा फोन लावला तर व्यस्त. परत व्यस्त. मग मी माझा फोन घेऊन टाकीकडे पळाले, सातव्या पायरीवर बसले आणि पहिल्यांदा स्वतःचं प्रोफाइल कंपनीला दिसतं तसं उघडून बघितलं. मधलं नाव साइट दाखवतच नव्हती. तिथं आमचं आडनाव होतं आणि आप्पांचं नाव होतं. मी नव्हतेच. खाली आप्पांचा नंबर. आणि नॉट इंटरेस्टेड म्हणजे कंपनीला नव्हे, उमेदवाराला रस नाही. चार कंपन्यांनी आमच्या घरी फोन केला होता. चार कंपन्यांनी आप्पांचं नाव घेऊन विचारलं होतं, आपणच बोलताय का? आणि आप्पांनी, कोणीही देईल तसं, खरं उत्तर दिलं होतं.

मी तशीच शेतात गेले. चप्पल घातली होती की नाही ते आठवत नाही. आप्पा सोयाबीनच्या ढिगाजवळ पाणी पीत बसले होते. मी लांबूनच ओरडायला सुरुवात केली.

"तुमाला कंपनीचे फोन आलते का?"

"कुन्या कंपनीचे?"

"कुण्याबी! नोकरी करायची का म्हणून कोणी इचारलं का तुमाला?"

आप्पांनी तांब्या खाली ठेवला. "हां. आलते की. एक पोरगी म्हणली, जॉब चेंज करायचाय का. म्या म्हणलं, न्हाई बा, आपली शेती हाय, आता ह्या वयात कुठं नोकरी करू. मला वाटलं पीकविम्याचे असतील. ते बी असंच नाव इचारतात आधी."

आई हातातला विळा तसाच धरून हसायला लागली. "अगं माय, बापाला नोकरी लागत व्हती म्हणायची!" मला हसू आलं नाही. मी ढिगावरच बसले आणि रडले, शेजारच्या शेतातले लोक बघत असताना रडले. श्रावणापासून मी स्वतःला नाकारलेली समजत होते. फोटो बदलला होता मी. आप्पा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, "मला काय ठावं बाई. त्यांनी माझंच नाव घेतलं." ते खरंच होतं. चूक माझीच होती. रकाने मी भरले होते, नंबर मी दिला होता. राग कोणावर काढायचा हेच कळेना, म्हणून मी साइटवर काढला, सरकारवर काढला, आडनाव आधी लिहायला शिकवणाऱ्या मास्तरांवर काढला.

दोन दिवस घरात हाच विषय होता. चुलत्यांना कळलं, ते फोनवर खो-खो हसले. मी नाव बदलायला गेले तर साइट म्हणे, पडताळणी झालेलं नाव बदलता येत नाही. मदतीसाठी लिहा. मी लिहिलं. उत्तर आलं की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. बस, एवढंच. दिवाळीला तेरा दिवस राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा चहा पीत होते. मी समोर बसून फोन बघत होते. बशीतला चहा फुंकत ते सहज विचारल्यासारखं म्हणाले, "ते अंकलेश्वर सुरतेच्या अलीकडं हाय का पलीकडं?"

"पलीकडं," मी म्हणाले. आणि मग थांबले.

घरात मी फक्त गुजरात म्हणाले होते. त्या मुलीनंही गावाचं नाव घेतलं नव्हतं. मी अंकलेश्वरला अर्ज केला होता हे मी, ती साइट आणि ती कंपनी सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

"आप्पा, तुमाला अंकलेश्वर कोणी सांगितलं?"

त्यांनी बशी खाली ठेवली. आई चुलीपाशी होती, तिचाही हात थांबला.

"पहिले तीन मला खरंच कळले न्हाईत," आप्पा म्हणाले. "तुझी शपथ. चौथी म्हणली, तुमची यमयस्सी केमिस्ट्री हाय ना. तवा कळलं. मंग म्या इचारलं, कुठं हाय नोकरी. ती म्हणली, अंकलेश्वर, गुजरात. इथून किती लांब म्हणलं तर तिला बी सांगता येईना."

"मग?"

"मंग म्या म्हणलं, इच्छा न्हाई."

मी शेतात त्यांच्यावर ओरडले होते तेव्हा ते निर्दोष होते, असं मी धरून चालले होते. त्यांनी मला रडू दिलं होतं आणि पाठीवर हात ठेवला होता. मला त्या हाताचा सगळ्यात जास्त राग आला. मी विचारलं, "कावून? मुदत तुमीच दिली ना? जिथं लागंल तिथं जा म्हणून चुलत्यासमोर तुमीच म्हणलात ना?"

"म्हणलं व्हतं," आप्पा म्हणाले. "तवा लागंल असं वाटलं नव्हतं."

त्यांना भीती होती, मला होती तेवढीच. फक्त माझी नोकरी न लागण्याची होती आणि त्यांची लागण्याची. रोज माझी भीती घेऊन मी टाकीवर जात होते आणि ते त्यांची घेऊन शेतात जात होते, आणि संध्याकाळी एका ताटाशेजारी बसून आम्ही दोघं भाजीत मीठ कमी आहे का तेवढंच बोलत होतो.

मी उठून आत गेले. दार लावलं नाही, पण कोणी आत आलं नाही. थोड्या वेळानं आप्पांचा आवाज आला. ते फोनवर बोलत होते. फोनमधून पलीकडचं बाहेर ऐकू येईल एवढा त्यांच्या फोनचा आवाज मोठा आहे, आणि ते स्वतः तर शेताच्या बांधावर बोलावं तसे फोनवर बोलतात.

"ताई, तुमी परवा फोन केलता. कारण इचारत व्हता म्हणं. मी बोलतो." त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, आडनाव आधी. "कारण असंय ताई, ती नोकरी माझी न्हाईच. माझ्या पोरीची हाय. यमयस्सी तिनं केलं. लांब हाय म्हणून म्या न्हाई म्हणलं, तिला न इचारता. तुमी तसं लिहा. बापानं न्हाई म्हणलं असं लिहा."

मग ती मुलगी म्हणाली, "काका, ती जागा भरली हो काल."

"भरली का," आप्पा म्हणाले. "बरं."

"मुलीला नवीन प्रोफाइल करायला सांगा काका. तिच्या नावानं आणि तिच्या नंबरनं. काही आलं तर मी कळवीन."

"सांगतो. थांबा ताई, तिचा नंबर लिहून घ्या." आणि आप्पांनी माझा नंबर एका अनोळखी माणसाला, एकेक आकडा सुटा करून, दोनदा सांगितला. त्यांना तो पाठ होता हे मला माहीत नव्हतं.

मी बाहेर आले. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती गेली. माझ्यामुळं गेली. दुसरी बघ. लांबची असली तरी बघ. मी आता मधी येत न्हाई."

आम्ही दोघं टाकीवर गेलो. ते पायरीवर माझ्याशेजारी बसले, गुडघ्यावर हात ठेवून. मी नवीन प्रोफाइल उघडलं. पहिल्या रकान्यात माझं नाव लिहिलं. नंबर माझा टाकला. इतके महिने मी अडलेली होते, कोणामुळे तरी, कशामुळे तरी. आता मला अडवणारं कोणी उरलं नव्हतं, आणि अंकलेश्वर म्हणजे काय, तिथं स्टेशनवर उतरल्यावर कुठल्या बाजूला जायचं, आजारी पडले तर कोणाला सांगायचं, हे सगळं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांपुढे आलं. नोकरी मिळणार नाही याची भीती मला सवयीची झाली होती. मिळेल याची भीती नवीन होती.

शेवटच्या पानावर प्रश्न होता, घरापासून दूर कुठेही राहण्याची तयारी आहे का? खाली हो आणि नाही. आप्पांना इंग्रजी येत नाही, पण ते पडद्याकडे बघत होते. "काय इचारतंय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नजर पडद्यावरून काढून रस्त्याकडे वळवली. मी त्यांच्याकडे न बघता 'हो' दाबलं.